गावठी गुलाबाचं माहेर

आज गुलाबाची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट म्हणजे इतिहासच, पण राजेरजवाड्यांचा नाही, झाडाचा. झाडालाही माहेर असतं, आजोळ असतं, नात्यागोत्याची भानगड असते. गुलाबाच्या बाबतीत ही भानगड जरा जास्तच आहे.

आपल्या अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडांवर माणसं येतात, तिथून वज्रेश्वरीच्या दर्शनाला जातात. देवळाच्या वाटेवर फुलांच्या टोपल्या तुम्ही रोज बघता. त्यात दोन गुलाब असतात. एक तो गुलाबी, आखूड देठाचा, वासाचा, हातात धरला की पाकळ्या सुटायला लागतात. त्याला आपण गावठी म्हणतो. दुसरा लांब दांड्याचा, घट्ट कळीचा, कागदात गुंडाळलेला. त्याला कोणी हायब्रिड म्हणतं, कोणी डच. रोपवाटिका करावी असं गटांमध्ये बोलणं निघालं की या दोघांवरून हमखास वाद होतो. गावठी म्हणजे अस्सल, आपला, देवाला चालणारा. हायब्रिड म्हणजे भेसळ, परका, ज्याच्या जातीचा पत्ता नाही. आमच्या गटातल्या एका आजींनी हे शेवटचं अगदी याच शब्दांत सांगितलं, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

जातीचा पत्ता. म्हटलं, काढूया तरी. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता, वनस्पतिशास्त्र नव्हतं. त्यामुळे शास्त्राचं मला जेवढं नीट कळलं तेवढंच सांगते.

सुरुवात रानातून करू. आपल्या ठाणे-पालघरच्या रानात करवंद आहे, कुडा आहे, रानजाई आहे. रानगुलाब नाही. रानगुलाब बघायचा तर हिमालयात जावं लागतं, मणिपूरच्या डोंगरांत, बंगाल-बिहारच्या पाणथळ जागी, नाहीतर दक्षिणेत निलगिरीच्या थंडीत. जगभरात त्याच्या दीडशेच्या आसपास जाती मानतात आणि त्या सगळ्या पृथ्वीच्या उत्तरेच्या अर्ध्या भागात. विषुववृत्ताच्या खाली आपसूक उगवलेला रानगुलाब नाही.

हा रानगुलाब तुम्हाला दाखवला तर तुम्ही त्याला गुलाब म्हणणार नाही. पाच पाकळ्या, बस. हिमालयातल्या एका जातीला तर चारच. मधोमध पिवळे पुंकेसर उघडे, मधमाशीला सरळ आत जाता येईल असे. वर्षातून एकदा काही आठवडे फुलतो, मग बोराएवढं लालबुंद फळ धरतो आणि पुढच्या वर्षापर्यंत गप्प बसतो. भरगच्च पाकळ्यांचा, बारमाही फुलणारा गुलाब रानात सापडत नाही. तो झाला कसा, हीच तर गोष्ट आहे.

माणसाने केला, असं आपल्याला वाटतं. ते अर्धंच खरं आहे. माणूस यायच्या कितीतरी आधीपासून रानगुलाब एकमेकांत मिसळत होते. दोन जाती शेजारी उगवल्या, एका वेळेला फुलल्या, मधमाशी एकीवरून दुसरीवर गेली, पायाला लागलेला पराग तिकडे पडला, फळ धरलं, बी रुजलं. झाला संकर. आता बऱ्याच झाडांत असं पोर झालं तरी त्याला पुढे बी धरत नाही आणि ते तिथेच संपतं. गुलाब तसा संपत नाही. त्याला बी नाही धरलं तरी मुळापासून फुटवे येतात, फांदी जमिनीला टेकली की मूळ धरते. असं एखादं झुडूप वर्षानुवर्षं जागा धरून बसतं. तेवढ्या वर्षांत कधीतरी एखादं बी जमून जातं, आणि नवी ओळ सुरू होते.

यातला हिशेब फार मजेचा आहे, तो सांगते. आईबापांकडून आलेला गुणांचा ठेवा प्रत्येक जिवाच्या पेशीत धाग्यांसारखा असतो. त्यांना गुणसूत्रं म्हणतात. माणसात ती ४६, निम्मी आईकडून, निम्मी बापाकडून. गुलाबात सगळा हिशेब सातच्या पटीत चालतो. साध्या रानगुलाबात सातच्या दोन ओळी, म्हणजे १४. पण काही जातींत २८, काहींत ४२, काहींत ५६ सुद्धा. बी धरायच्या आधी या ओळींना जोडीजोडीने उभं राहावं लागतं, आपण फुगडीला राहतो तसं. १४ वाल्याचा २८ वाल्याशी संकर झाला की पोराकडे २१ येतात, म्हणजे तीन ओळी. तिघी जणी फुगडीला आल्या की एक बाजूला उभीच राहणार. म्हणून अशा झाडाला बी कमी धरतं किंवा धरतच नाही.

पण युरोपात कुंपणाकुंपणाला वाढणारा एक रानगुलाब आहे, त्याला तिकडे कुत्रागुलाब म्हणतात. (नावाचं मनावर घेऊ नका, आपल्याकडेही वनस्पतींना कसली कसली नावं आहेत.) त्याच्यात ३५ गुणसूत्रं असतात. पाच ओळी. फुगडी जमणारच नाही. तरी तो दरवर्षी भरभरून फळतो. कसा? हे कोडं १९२१ च्या सुमारास सुटलं. स्वीडनमध्ये टॅकहोल्म नावाचे शास्त्रज्ञ त्यावर काम करत होते आणि इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला कॅथलीन ब्लॅकबर्न ही बाई, हेस्लॉप-हॅरिसन या सहकाऱ्याबरोबर, सूक्ष्मदर्शकाखाली तेच बघत होती. त्यांना दिसलं ते असं. पाचांतल्या दोन ओळी फुगडी खेळतात, तीन नुसत्या उभ्या राहतात. परागकण तयार होताना त्या उभ्या राहिलेल्या तिन्ही ओळी गळून जातात, म्हणून बापाकडून फक्त सात येतात. आणि बीजांड तयार होताना त्या तिन्ही ओळी आई सांभाळून ठेवते, तिच्याकडून २८ येतात. २८ आणि ७ मिळून पुन्हा ३५. म्हणजे या गुलाबात पोराला पाचांतले चार हिस्से आईकडून मिळतात आणि एक बापाकडून. मला हे वाचून फार बरं वाटलं. का, ते तुम्हाला सांगायला नको.

हा गुलाब मुळात संकरातूनच आला, असं शास्त्रज्ञ मानतात. तो जिथे जाईल तिथे आणखी संकर करत जातो, त्यामुळे त्याची पोरं जरा जरा वेगळी दिसतात. कुणाच्या पानाला लव, कुणाचं फळ लांबट, कुणाचा काटा वाकडा. एकोणिसाव्या शतकातले विद्वान या प्रत्येकाला वेगळी जात समजून नाव देत बसले. फ्रान्समधल्या गॅन्डोजे नावाच्या गृहस्थांनी तर एकट्याने गुलाबांच्या हजारो जाती लिहून काढल्या. आज त्या नावांना कोणी विचारत नाही. ज्यांच्यात रोज मिसळण चाललंय त्यांच्यात शुद्ध जाती शोधायला गेलं की असंच होतं.

याच कुत्रागुलाबाने दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडची पोरं सांभाळली. समुद्रात जहाजं बुडत होती, संत्री येईनात. या फळांत क जीवनसत्त्व भरपूर. मग सरकारने ती गोळा करायला सांगितली आणि शाळेच्या मुलांनी आणि गावोगावच्या महिला मंडळांनी टोपल्याच्या टोपल्या फळं तोडून दिली. त्याचं सरबत बाटल्यांत भरून लहान मुलांना दिलं गेलं. कुंपणाचं फळ, बायकांचे हात.

आता आपल्याकडे येऊ. गुलाब हा शब्दच बघा. फारसीत गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. म्हणजे गुलाब म्हणजे खरं तर गुलाबपाणी! आपण पाण्याचं नाव फुलाला दिलं आणि मग पाण्याला वेगळा शब्द हवा म्हणून ‘गुलाबपाणी’ असं दोनदा पाणी घातलं. नावावरूनच कळतं की हे फूल आपल्याकडे इराणकडून, मुसलमानी राजवटींबरोबर रुजलं. मोगलाईत नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं, फुलबागांचं शहर. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहिलंय की गुलाबाचं अत्तर सापडलं ते त्याच्या सासूला, म्हणजे नूरजहानच्या आईला, अस्मत बेगमला. गुलाबपाणी काढताना गरम पाण्यावर तेलाचा तवंग येतो हे तिच्या लक्षात आलं, तो तिने थोडा थोडा करून गोळा केला. बादशहाने खूश होऊन तिला मोत्यांची माळ दिली. आधी कुणाला हे ठाऊक होतं की नव्हतं यावर विद्वान भांडतील. पण ज्या बाईचं लक्ष पातेल्यावरच्या तवंगाकडे जातं ती बाई मला ओळखीची वाटते.

हा अत्तराचा गुलाब म्हणजे दमास्क. सिरियातल्या दमास्कस शहरावरून नाव. शेकडो वर्षं लोक त्याला एक जात मानत आले. मग केंब्रिजच्या हर्स्ट यांनी सांगितलं की हा संकर आहे, आणि त्याचे दोन प्रकार दोन वेगळ्या जोड्यांपासून झालेत. पुढे २००० साली जपानच्या शास्त्रज्ञांनी डीएनए तपासून बघितलं. संकर असल्याचं हर्स्ट यांचं म्हणणं बरोबर निघालं, पण दोन जोड्या नाहीत. दोन्ही प्रकारांचा वंश एकच, आणि आईबाप तीन! मॉस्काटा नावाच्या गुलाबाचा गॅलिका नावाच्या गुलाबाशी संकर झाला, आणि त्या पोरीवर मध्य आशियातल्या डोंगरांतल्या फेडशेंकोआना नावाच्या रानगुलाबाचा पराग पडला. हे तिसरं नाव कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि गंमत म्हणजे हा फेडशेंकोआना असा रानगुलाब आहे की जो एकदा फुलून थांबत नाही, उन्हाळाभर थोडा थोडा फुलत राहतो. दमास्कातला एक प्रकार वर्षातून दुसऱ्यांदा फुलतो, तो गुण कुठून आला असेल याचा माग इथे लागतो.

बारमाही फुलायचा गुण मात्र पक्का आला तो चीनमधून. तिथल्या बागांतल्या गुलाबात, फूल आल्यावर ‘आता थांब’ म्हणणारा जो हुकूम रानगुलाबात असतो, तोच बिघडलेला होता. त्यामुळे झाड थांबायचं विसरलं आणि फुलतच राहिलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे चिनी गुलाब ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून युरोपात गेले. वाटेत कलकत्त्याला थांबा होता, तिथल्या सरकारी बागेत ते वाढवले जायचे. म्हणून फ्रेंच लोक त्याला बंगालचा गुलाब म्हणू लागले. तो बंगालचा नव्हता. मुंबईहून आलेल्या पोरीला गावाकडे ‘मुंबईवाली’ म्हणतात, मग ती मूळची साताऱ्याची का असेना, तसलाच प्रकार.

आणि आता आपल्या टोपलीतला गावठी.

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पलीकडे, रियुनियन नावाचं लहानसं बेट आहे. तेव्हा त्याचं नाव होतं बुर्बों. फ्रेंचांच्या ताब्यात. उसाचे आणि कॉफीचे मळे, आणि त्यात राबणारे गुलाम. तिथली गुलामगिरी १८४८ साली संपली. या बेटावर शेताला कुंपण म्हणून गुलाब लावायची रीत होती. एका ओळीत दमास्क, दोनदा फुलणारा. दुसऱ्या ओळीत चिनी गुलाब, बारमाही. दोघांचं माहेर हजारो कोस दूर, आणि इथे शेजारी शेजारी उभे. पुढचं काम माश्यांनी केलं. कुणीही ठरवून केलेलं नाही.

पेरिशों नावाच्या एका मळेवाल्याला कुंपणाच्या रोपांत एक रोप वेगळं दिसलं. त्याने ते उपटून फेकलं नाही, बाजूला लावलं. १८१७ साली ब्रेओं नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ बेटावर आले, त्यांनी ते फुललेलं बघितलं आणि त्याचं बी फ्रान्सला, पॅरिसजवळच्या एका राजबागेच्या माळ्याकडे पाठवलं. तिथून बुर्बों गुलाबांचं मोठं घराणं सुरू झालं. बेटावर मात्र लोक त्या पहिल्या झाडाला ‘रोझ एदुआर’ म्हणत. भारतात त्या एदुआरचा झाला एडवर्ड.

रोपवाटिकावाल्यांना विचारा, एडवर्ड गुलाब त्यांना ठाऊक असतो. गुलाबी, वासाचा, सुट्या पाकळीचा. हारांत तोच, गुलाबपाण्यात तोच, गुलकंदात तोच. आपण ज्याला गावठी म्हणतो त्या एका नावाखाली दोनतीन गुलाब नांदतात, कुठे दमास्क असतो, कुठे एडवर्ड. पण दोघांतला कुठलाही घ्या, ‘शुद्ध’ एकही नाही. दमास्काला तीन आईबाप. एडवर्डमध्ये ते तिघे आणि वर चीन. म्हणजे आपला गावठी हा समुद्रापारच्या बेटावर, परक्यांच्या कुंपणात जन्मलेला संकर आहे.

तो इथे राहिला कसा? बायकांनी ठेवला म्हणून. त्याला कंपनी नव्हती, जाहिरात नव्हती. कुणाच्या माहेरून काडी आली, कुणी शेजारणीकडून मागून नेली. पावसाच्या तोंडाला पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब काडी तोडायची, खालच्या बाजूला डोळ्याच्या जवळ तिरका काप घ्यायचा, दोन डोळे मातीत, दोन वर. एवढ्यावर हे झाड दोनशे वर्षं चालत आलंय.

मग दुसरा, तो डच, परका? त्याचीही वंशावळ बघा. हायब्रिड टी म्हणतात त्या घराण्याचा पहिला गुलाब फ्रान्समध्ये ल्योंजवळ १८६७ साली आला, ‘ला फ्रांस’ नावाचा. त्याच्या आईबापांपैकी एक बाजू युरोपात वाढलेल्या भरगच्च गुलाबांची, ज्यांच्यात आपल्या बुर्बोंचाही अंश आहे. म्हणजे एडवर्ड त्याच्या पूर्वजांतला. दुसरी बाजू ‘टी’ गुलाबांची. हे टी गुलाब झाले चिनी गुलाब आणि जायगॅन्शिया नावाचा प्रचंड वेलगुलाब यांच्या संकरातून. हा जायगॅन्शिया कुठे उगवतो? चीनच्या युन्नानात, ब्रह्मदेशात, आणि आपल्या मणिपूरच्या डोंगरांत. लांब, निमुळती, अर्धवट उमललेली कळी, जिच्यासाठी आज मावळात तळेगावच्या पॉलिहाऊसमधून फेब्रुवारी महिन्यात पेट्याच्या पेट्या विमानात चढतात, ती कळी या रानगुलाबाकडून आलेली आहे. ज्याला आपण विलायती म्हणून नाकं मुरडतो त्याचे सोयरे मणिपूरला आहेत, आणि ज्याला आपला म्हणतो त्याचं जन्मस्थान रियुनियन. आता सांगा जातीचा पत्ता.

आता रानगुलाब आपल्याकडे उगवत नाही असं मी मघाशी म्हटलं, त्यात एक पुरवणी जोडते. तुमच्या अंगणात कलमी गुलाब असेल तर त्याच्या पायाशी बहुतेक रानगुलाब आहे. कलमाचा गुलाब म्हणजे दोन झाडं. वरचं देखणं, खालचा खुंट दणकट. खुंटाच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखा छेद देतात, त्यात चांगल्या जातीचा डोळा भरतात, पट्टी गुंडाळतात. महाराष्ट्रात खुंट म्हणून एडवर्ड वापरतात, रोझा इंडिका वापरतात, आणि मल्टिफ्लोरा वापरतात. हा मल्टिफ्लोरा चीन-जपानकडचा रानगुलाब, पाच पाकळ्यांचा, पांढऱ्या बारीक फुलांच्या घोसांचा. घोसाने फुलणाऱ्या ज्या गुलाबाच्या जाती आपण कुंडीत लावतो, त्यांच्या रक्तातही तो आहे.

बायका तक्रार घेऊन येतात, ‘ताई, नर्सरीवाल्याने फसवलं, लाल गुलाब दिला होता, आता पांढरी बारीक फुलं येतात.’ नर्सरीवाल्याने फसवलेलं नसतं. वरचा डोळा मेलेला असतो आणि खालच्या खुंटाने डोकं वर काढलेलं असतं. म्हणून डोळा भरलेली गाठ कुठे आहे ते रोप घेतानाच बघून ठेवा. गाठीच्या खालून येणारा फुटवा लगेच, मुळाशी धरून, काढून टाका. एका पानाला पाच पानोळ्या असतील तर झाड वरचं आणि सात असतील तर खालचं, असं म्हणतात. त्याच्यावर फार विसंबू नका, गाठ बघणंच खरं.

रोपवाटिका करायची तर माझं मत सांगते, दोन्ही लावा. हाराला, पाकळीला, गुलकंदाला गावठी. गुच्छाला, विक्रीच्या कुंडीला कलमी. गुलकंदासाठी बाजारातला दांड्याचा गुलाब चुकूनही वापरू नका, तो औषधं मारून वाढवलेला असतो आणि वासही नसतो. शिवाय एडवर्डची काडी कुणालाही द्या, घ्या, विका, त्याच्यावर कुणाचा हक्क नाही. पॉलिहाऊसच्या बऱ्याच नव्या जातींचं तसं नसतं. त्या जातींना मालक असतो, रोपामागे त्याला पैसे द्यावे लागतात, आणि त्याची रोपं परवानगीशिवाय करून विकता येत नाहीत. गट मोठा व्हायला लागला की हे विचारून घ्यायचं.

संकर या शब्दाबद्दल मात्र थोडं बोलायचंय. संकरित बियाणं आपण पैसे मोजून आणतो. संकरित गाय दारात असली तर दूध डेअरीला जास्त जातं म्हणून मिरवतो. तोच शब्द माणसाला लावला की शिवी होते. दुसऱ्या जातीत लग्न केलेल्या पोरीच्या लेकराला गावात काय काय ऐकावं लागतं ते तुम्हाला ठाऊक आहे. ते बोलणाऱ्यांत आपण बायकाच पुढे असतो, हेही ठाऊक आहे.

म्हणून शेवटी एका बाईची ओळख करून देते. एडवलेथ कक्कट जानकी अम्माळ. केरळातल्या थलश्शेरीला १८९७ साली जन्म. तिय्या समाजातल्या, म्हणजे त्या काळी सवर्ण ज्यांना खालचे म्हणत अशांतल्या. त्यांच्या आईचे वडील इंग्रज अधिकारी होते. आता विचार करा, त्या काळात, त्या गावात, ही मुलगी कुणाच्या कुठल्या नजरा झेलत मोठी झाली असेल. घरच्यांनी बहिणींची लग्नं लावली, जानकीबाईंनी शिक्षण निवडलं. मद्रासला शिकल्या, अमेरिकेत मिशिगनला गेल्या, तिथून १९३१ साली डॉक्टरेट घेतली. आणि आयुष्यभर विषय कोणता घेतला? संकर. झाडांची गुणसूत्रं मोजायची आणि कोण कुणापासून झालं ते शोधायचं. कोइमतूरच्या ऊस केंद्रात त्यांनी उसाचे संकर केले, अगदी मक्याशीसुद्धा. तिथे पुरुष सहकाऱ्यांत एकट्या, त्यातून जात, तो त्रास झालाच. मग इंग्लंडला गेल्या. लंडनवर बॉम्ब पडत असताना तिथे काम केलं. १९४५ साली डार्लिंग्टन या शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी लागवडीच्या झाडांच्या गुणसूत्रांचा एक मोठा ग्रंथ काढला. आपण खातो, लावतो त्या हजारो झाडांचा हिशेब त्यात आहे. १९५१ च्या सुमारास पंडित नेहरूंच्या बोलावण्यावरून परत आल्या, १९७७ साली पद्मश्री मिळाली, १९८४ साली गेल्या.

आता थंड देशांत घडवलेले गुलाब आपल्याकडच्या उन्हाळ्यात कोमेजतात, हे तुम्ही बघताच. स्वतंत्र भारतात बेंजामिन पिअरी पाल यांनी, जे मुळात गव्हाचे मोठे शास्त्रज्ञ, दिल्लीत बसून इथल्या हवेत टिकतील असे कितीतरी गुलाब तयार केले. त्यांच्या पुढे जाऊन विरू आणि गिरिजा वीरराघवन या नवराबायकोने कोडाईकनालला वेगळा विचार केला. आपल्या देशात रानगुलाब असताना तिकडचेच गुलाब किती दिवस एकमेकांत मिसळायचे? त्यांनी मणिपूरचा जायगॅन्शिया घेतला. आणि क्लायनोफिला घेतला, बंगाल-बिहारच्या पाणथळीतला, पांढरा, पाच पाकळ्यांचा. गुलाबाच्या मुळाशी पाणी साचलं की तो कुजतो, असं आपण सगळ्या धरून चालतो. हा क्लायनोफिला पावसाळ्यात पाण्यात उभा असतो. उकाडा सोसतो, पाणी सोसतो. त्याचे गुण बागेतल्या गुलाबांत आणायचे म्हणून ही दोघं वर्षानुवर्षं संकर करत राहिली. त्यांनी केलेल्या गुलाबांपैकी एकाला जानकी अम्माळांचं नाव आहे. त्याचं फूल पिवळं आहे.